दुमडीतले दोन इंच

सालमियाच्या सदफ सेंटरमधला
सरकता जिना बंद पडून तीन वर्षं झाली.
तरी पहिल्या पायरीवर
अजून पाय अडखळतो.
अंगाला वाटतं, आता कुणीतरी उचलून घेईल.

मी तळघरात असतो.
मशीन, इस्त्री, आणि पाटी: 'उंची कमी करून मिळेल'.
खालची अरबी ओळ मला आजही वाचता येत नाही,
पण ती वाचून कुणी हसलं नाही,
म्हणजे बरोबर असावी.

वर तीन मजले दुर्रा स्टोअर्सचे.
अत्तरं, सुटकेसा, बोहारणीने बघत राहावीत अशी भांडी.
ईदच्या आदल्या रात्री दोन-दोन वाजेपर्यंत
माझ्यापुढे रांग, मी गुडघ्यांवर,
तोंडात टाचण्या.
तोंडात टाचण्या असल्या की
माणसाला वाकडं बोलता येत नाही.
हे शहर मी घोट्यांवरून ओळखत होतो.

मग मनामाची शाखा गेली. मग दोह्याची.
हायवेवर नवा मॉल झाला, त्यात म्हणे बर्फ पडतो.
पुढे तर माणसं बोटाने कपडे घ्यायला लागली,
बोटाने परत करायला लागली.
अत्तराच्या काउंटरवरच्या मादाम नुहाद
शेवटच्या दिवशी सगळ्या नमुन्यांच्या बाटल्या
एकेक करून हवेत फवारून गेल्या.
आठवडाभर रिकाम्या मजल्याला
लग्नघरासारखा वास होता.

आता एकाच मजल्यावर एसी.
पुतळे उघडे, भिंतीकडे तोंड करून.
हे गार्ड धनबहादूरचं काम,
तो विचारल्यावर लाजतो.

माझ्याआधी इथे नियामत मास्तर होते, सियालकोटचे.
जाताना त्यांनी मला कात्री दिली,
मेणाचा गोळा दिला,
आणि हँगरवरची एक पँट.
शाळकरी पोराची, करडी.
चिठ्ठीवर नाव यूसुफ, तारीख एकोणतीस जुलै नव्वद,
'घेऊन जाणार: गुरुवारी'.

त्या गुरुवारचं इथे कुणी फारसं बोलत नाही.
लुटणाऱ्यांनी वरचे तीन मजले धुऊन नेले,
तळघरात ते उतरलेच नाहीत, मास्तर म्हणाले.
टाकू नकोस. पैसे आगाऊ दिलेत.

चिठ्ठीवरचा फोन सात आकडी.
नंबर आठ आकडी झाले तेव्हा
पुढे दोन लावून मी एकदा फिरवला.
एक बाई हॅलो म्हणाली. मागे प्रेशर कुकर.
मी काय सांगणार होतो?
पँट तयार आहे?

आज मालाची यादी करायला माणूस आला.
तरुण पोरगा, बूट नवे,
पँट घोट्यावर एक इंच जास्त, सवयीने दिसलंच.
पुतळे चौसष्ट, काचेची कपाटं नऊ,
मशीन एक, जुनं.
मग हँगरपाशी थांबला. ही?

ही यादीत येत नाही, म्हटलं.
ही विकलेली आहे.

मग इथे कशी?

गिऱ्हाईक यायचंय.

त्याने माझ्याकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं,
त्याचा जन्म कदाचित त्यानंतर दहा वर्षांनी झाला असेल.
पेन्सिल कानावर ठेवून
तो जिन्याकडे गेला. पहिल्याच पायरीवर
अडखळला.

रात्री दिव्याखाली मी पँट उलटी केली.
वाढत्या अंगाची म्हणून मास्तरांनी
दोन्ही पायांत दोन-दोन इंच आत दुमडून ठेवलेत.
चार टाके उसवले, फक्त बघायला.
आतलं कापड करडं नाही.
गडद निळं आहे, परवाच ठाणातून फाडल्यासारखं.

यूसुफ आता पंचेचाळीसचा असेल,
कुठेतरी, असला तर.

चार टाके परत घातले.
दोरा करडा नव्हता माझ्याकडे.